कर्नल कुठल्या भाषेत लिहू?

मी फर्मवेअर लिहिते. नवं बोर्ड टेबलावर आलं की त्याच्या सीरियल पोर्टवर पहिलं अक्षर उमटवायचं, मग घड्याळ, मग मेमरी, मग इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मधेच मारलेली हाक) असं करत ते जिवंत करायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ज्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची हुक्की येते, तो कधी ना कधी ‘कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कुठल्या भाषेत लिहू?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. सोबत बहुतेक वेळा एक तक्ता असतो. ओळींमध्ये सी, रस्ट, झिग, सी प्लस प्लस, गो. रकान्यांमध्ये वेग, सुरक्षितता, लोकप्रियता, शिकायला किती सोपी. तक्ता नीटनेटका असतो, पण कर्नलसाठी जो रकाना सगळ्यात आधी हवा तोच त्यात नसतो: ही भाषा चालू होण्याआधी खाली काय काय तयार असेल असं धरून चालते?

नेहमीचा प्रोग्रॅम ‘मेन’पासून सुरू होतो असं आपण म्हणतो, पण तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. कोणीतरी फाइल मेमरीत आणलेली असते, स्टॅकला (फंक्शनच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीला) जागा दिलेली असते, ग्लोबल व्हेरिएबल शून्य करून ठेवलेले असतात, लायब्ररी जोडलेल्या असतात. हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिम करते. ती तुम्हीच लिहिताय म्हटल्यावर हे करायला दुसरं कोणी नाही. प्रिंट करायला जागा नाही, मेमरी मागायला हीप नाही, थ्रेड नाहीत, फाइल तर नाहीतच. एवढं सगळं काढून घेतल्यावर तुमच्या आवडत्या भाषेतलं काय शिल्लक राहतं, ते शोधण्यापासून सुरुवात करा.

असेम्ब्ली कोणालाच चुकत नाही

‘संपूर्ण रस्टमध्ये लिहिलेला कर्नल’ अशी जाहिरात दिसली की मी आधी त्याच्या फोल्डरमध्ये असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा, कुठे आहे ते बघते. ती असतेच. वेगळ्या फाइलमध्ये नसली तर रस्टच्याच फाइलमध्ये मधेच टाकलेली असते.

पहिली जागा म्हणजे प्रवेश. प्रोसेसर तुमच्या पहिल्या सूचनेपाशी येतो तेव्हा स्टॅक पॉइंटरमध्ये काय आहे याची खात्री नसते, आणि कंपायलरने बनवलेल्या कुठल्याही फंक्शनला स्टॅक लागतो. म्हणून स्टॅक लावून देणाऱ्या चार-सहा ओळी हाताने लिहायच्या. दुसरी जागा इंटरप्टची. साधं फंक्शन संपताना साधा रिटर्न होतो. इंटरप्टमधून परतायला एक्स८६ या पीसीच्या प्रोसेसरवर ‘आयरेट’ आणि रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्यावर ‘एसरेट’ ही वेगळी सूचना लागते, आणि मधेच अडवलेल्या कोडचे सगळे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) जसेच्या तसे परत द्यावे लागतात. तिसरी जागा टास्क बदलण्याची. तिथे एका टास्कच्या स्टॅकवर फंक्शनमध्ये शिरायचं आणि दुसऱ्याच टास्कच्या स्टॅकवरून बाहेर पडायचं असतं. असलं काही होऊ शकतं याची कंपायलरला कल्पनाच नसते.

पण हे सगळं मिळून फार नसतं. एसईएल४ या कर्नलची अचूकता २००९ साली गणिताने सिद्ध केली गेली. तेव्हा त्यात सीच्या सुमारे ८,७०० ओळी होत्या आणि असेम्ब्लीच्या सुमारे ६००. म्हणजे असेम्ब्लीला घाबरायचं कारण नाही, फक्त तुमच्या भाषेत ती सहज मिसळता आली पाहिजे. सगळंच असेम्ब्लीत लिहिणारेही आहेत. मेन्युएट ओएस आणि त्यातून फुटलेली कोलिब्री ओएस तशाच आहेत, आणि त्यांचा चटपटीतपणा बघून मजा वाटते. मात्र प्रोसेसर बदलला की असं काम पुन्हा पहिल्यापासून. युनिक्स १९६९ मध्ये पीडीपी-७ च्या असेम्ब्लीतच सुरू झाली होती. १९७३ मध्ये ती सीमध्ये पुन्हा लिहिली गेली, आणि पुढे ती इतक्या वेगवेगळ्या यंत्रांवर नेता आली त्यात या निर्णयाचा मोठा हात होता.

भाषेला काय काय विचारायचं

स्टँडर्ड लायब्ररीशिवाय भाषा चालते का, हा पहिला प्रश्न. सीमध्ये याला फ्रीस्टँडिंग म्हणतात, रस्टमध्ये ‘नो-एसटीडी’. पण ‘चालते’ या उत्तरावर थांबू नका, ‘मग उरतं काय?’ हेही विचारा. सीमध्ये जवळजवळ काही उरत नाही: ठराविक रुंदीचे पूर्णांक आणि अशीच काही हेडर. रस्टमध्ये ‘कोअर’ ही लायब्ररी पूर्ण उरते, म्हणजे ऑप्शन, रिझल्ट, इटरेटर, स्ट्रिंगचे तुकडे, फॉरमॅटिंग हे सगळं हीपशिवाय मिळतं. स्वतःचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) लिहून दिलात की हीपवरचे व्हेक आणि बॉक्सही येतात. रोज काम करताना हा फरक फार जाणवतो. सीमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘प्रिंटएफ’ची आपली आवृत्ती लिहायला बसावं लागतं, रस्टमध्ये एक बाइट पाठवणारं फंक्शन दिलं की फॉरमॅटिंग तयार मिळतं.

दुसरा प्रश्न, मेमरीतल्या बिटांची मांडणी तुमच्या हातात आहे का? पेज टेबल म्हणजे मेमरीचं कुठलं पान कुठे आहे याचा तक्ता. त्याच्या ६४ बिटांच्या नोंदीत कुठला बिट ‘लिहिण्याची परवानगी’ आणि कुठला ‘युजरला दिसतो’ हे प्रोसेसरने ठरवलेलं असतं, तिथे घासाघीस चालत नाही. सीमध्ये बिटफील्ड आहेत, पण त्यांची मांडणी कशी करायची हे प्रमाणाने कंपायलरवर सोडलंय. म्हणून जुनी मंडळी मास्क आणि शिफ्ट वापरतात, आणि माझंही तेच मत आहे. झिगमध्ये तीन बिटांचा किंवा बावन्न बिटांचा पूर्णांक थेट जाहीर करता येतो आणि ‘पॅक्ड’ स्ट्रक्टमध्ये तो ठरल्या जागी बसतो. हार्डवेअरचं मॅन्युअल समोर ठेवून कोड लिहिताना याच्यासारखं सुख नाही.

तिसरा प्रश्न ठराविक पत्त्यावर लिहिण्याचा. डिव्हाइसच्या रजिस्टरवर तुम्ही एकच किंमत दोनदा लिहिलीत तर कंपायलरला वाटतं पहिलं लिहिणं फुकट गेलं, आणि तो ते काढून टाकतो. तो त्याच्या परीने शहाणपणाच करत असतो. तिकडे डिव्हाइसला दोन्ही हवे असतात. सीमध्ये यासाठी ‘व्होलाटाइल’ आहे, रस्टमध्ये व्होलाटाइल वाचन-लेखनाची वेगळी फंक्शन आहेत, झिगमध्ये पॉइंटरच तसा जाहीर करता येतो. ज्या भाषेत याला ठोस उत्तर नाही, ती तिथेच बाद करा.

चौथा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही: कंपायलर कुठल्या सवयी सोबत घेऊन येतो? ६४ बिटांच्या एक्स८६ वर लिनक्स वगैरे वापरतात त्या कॉलच्या नियमांत ‘रेड झोन’ नावाची एक सोय आहे. स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शन न विचारता वापरू शकतं. युजर प्रोग्रॅममध्ये ते चालतं. कर्नलमध्ये त्याच क्षणी इंटरप्ट आला तर प्रोसेसर त्याच स्टॅकवर आपली माहिती लिहितो आणि ते १२८ बाइट गेले. चूक अशी की कधी दिसते, कधी नाही, आणि प्रिंट घातलं की गायब होते. उपाय एका पर्यायाचा आहे, रेड झोन बंद करा. फ्लोटिंग पॉइंट आणि एसएसई रजिस्टरचंही तसंच: ते जपायची सोय केली नसेल तर कंपायलरला ते वापरूच देऊ नका. तुमच्या भाषेचा कंपायलर हे पर्याय देतो का आणि उघड्या मशीनसाठी तयार टार्गेट आहे का, ते बघून घ्या. रस्टच्या ‘एक्स८६-६४ अननोन नन’ या टार्गेटमध्ये या गोष्टी आधीच केलेल्या आहेत. जीसीसी हा सी कंपायलर वापरणार असाल तर आपल्या संगणकाचा कंपायलर न घेता दुसऱ्या मशीनसाठी कोड बनवणारा वेगळा क्रॉस-कंपायलर बांधून घ्या. तासाभराचा कंटाळा आहे, पण नंतरचा मनस्ताप वाचतो.

सी

सीची बाजू घेताना लोक वेगाबद्दल बोलतात. मला ते कारण आता फारसं पटत नाही. रस्ट आणि झिगही तितक्याच वेगाने धावतात. सीची खरी ताकद शेजाराची आहे. प्रोसेसर कंपन्यांची उदाहरणं सीमध्ये, डिव्हाइसच्या रजिस्टरची हेडर सीमध्ये, वाचून शिकण्याजोगे छोटे कर्नलही सीमध्येच. एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ आज रिस्क-फाइव्हवर चालते आणि एखाद्या महिन्यात शेवटपर्यंत वाचून होते. पीसीवर वीज व्यवस्थापनासाठी एसीपीआय हे प्रमाण लागतं. त्याचा बाइटकोड चालवणारा इंटरप्रिटर स्वतः लिहायला बसलात तर मूळ कर्नल बाजूलाच राहील. इंटेलची एसीपीआयसीए ही सीमधली तयार लायब्ररी लिनक्सही वापरतो, तुम्हीही वापरा. दुसऱ्या कुठल्याही भाषेत कर्नल लिहिलात तरी अशा ठिकाणी सीशी बोलावंच लागतं.

आता दुसरी बाजू. सीमध्ये ‘अव्याख्यायित वर्तन’ नावाचा जो प्रदेश आहे, जिथे काय होईल याची भाषा हमीच देत नाही, तो कर्नलमध्ये पावलोपावली येतो. २००९ मध्ये लिनक्सच्या टन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये सापडलेली चूक मी प्रत्येक नवशिक्याला दाखवते. कोडमध्ये आधी पॉइंटरमधून एक किंमत वाचली होती आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल, म्हणजे शून्य, आहे का हे तपासलं होतं. कंपायलरने विचार केला: वाचून झालंय, म्हणजे तो नल असूच शकत नाही, मग तपासणी कशाला? आणि तपासणी काढून टाकली. कर्नलमध्ये शून्य पत्त्यावर खरोखर मेमरी असू शकते, तेव्हा हे थेट सुरक्षेचं भगदाड ठरलं. त्यानंतर लिनक्स नल-तपासणी काढू नको असं कंपायलरला बजावून सांगतो. अ‍ॅलियासिंगचे (एकाच मेमरीकडे दोन पॉइंटर असण्याबद्दलचे) कडक नियमही त्याने बंद ठेवलेत. म्हणजे लिनक्स ज्या सीमध्ये लिहिलाय ती पुस्तकातली सी नाही, कंपायलरला ढीगभर अटी घालून मवाळ केलेली सी आहे. तुम्हीही त्याच अटी उचला, लाजायचं काही नाही.

अजून एक गंमत. फ्रीस्टँडिंग असलं तरी जीसीसी मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंपेअर ही मेमरी भरणारी, हलवणारी आणि ताडून बघणारी चार फंक्शन तुम्ही देणार असं धरून चालतो. मग मुलं मेमसेट लिहितात: एक साधं लूप, प्रत्येक बाइटवर किंमत टाकायची. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) चालू केलं की कंपायलर ते लूप ओळखतो, ‘अरे, हे तर मेमसेट’ म्हणतो आणि लूपच्या जागी मेमसेटला कॉल टाकतो. मेमसेट मेमसेटला बोलावत राहतं, स्टॅक संपतो, एक्स८६ वर ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट. ऑप्टिमायझेशनशिवाय मात्र सगळं झकास चालतं. असं काही दिसलं की लूपचं रूपांतर थांबवणारा पर्याय त्या एका फाइलपुरता द्या. आणि एकंदर, कुठल्याही भाषेत, ऑप्टिमायझेशनसह आणि त्याशिवाय अशा दोन्ही आवृत्त्या पहिल्या दिवसापासून चालवून बघायची सवय लावा.

रस्ट

रस्टकडे वळण्याचं कारण भावनिक नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ते दर वर्षी ज्या सुरक्षा-त्रुटींना क्रमांक देतात, त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांच्या असतात. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या भाषांकडे वळवल्यावर मेमरीच्या त्रुटींचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, असं गूगलने जाहीर केलं. लिनक्सने डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत रस्टला दार उघडलं. रेडॉक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तर २०१५ पासून रस्टमध्येच वाढतेय.

पण कर्नलमध्ये रस्ट म्हणजे काय, याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक गट म्हणतो, सगळीकडे ‘अनसेफ’ लागणार, मग फायदा काय? दुसरा म्हणतो, रस्ट आहे म्हणजे चूक होणारच नाही.

पहिल्या गटासाठी: ‘अनसेफ’ लिहिल्यावर बॉरो चेकर, म्हणजे कोण कुठली मेमरी वापरतं हे तपासणारा कंपायलरचा भाग, बंद होत नाही. कच्चा पॉइंटर उघडणं, अनसेफ फंक्शन बोलावणं, बदलता येणारा स्टॅटिक हाताळणं अशा मोजक्या गोष्टींची फक्त परवानगी मिळते. नीट लिहिलेल्या कर्नलमध्ये हे तुकडे तळाशी, एकेका छोट्या मॉड्यूलमध्ये गोळा होतात. सीरियल पोर्ट, पेज टेबल, इंटरप्ट कंट्रोलर यांच्याभोवती एक पातळ कुंपण, आणि वरचा शेड्युलर, फाइल सिस्टिम, नेटवर्क हे सगळं सुरक्षित रस्टमध्ये. मशीन विनाकारण कोसळू लागलं की संशय घ्यायच्या जागा मोजक्या उरतात. ज्यांनी रात्री दोन वाजता सीमधलं खराब झालेलं हीप शोधलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या गटासाठी: समजा तुमचं प्रिंट फंक्शन सीरियल पोर्टभोवती स्पिनलॉक (सुटेपर्यंत फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) घेतं. ते लॉक धरलेलं असताना टायमरचा इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरमध्येही तुम्ही प्रिंट केलं. हँडलर लॉक सुटण्याची वाट बघतो, लॉक ज्याच्याकडे आहे तो हँडलर संपण्याची. मशीन गप्प. कंपायलरने एक शब्दही काढला नव्हता, कारण डेडलॉक ही रस्टच्या लेखी मेमरीची चूक नाही. लॉक घेताना इंटरप्ट बंद करायला हवेत, हे तुम्हालाच माहीत असावं लागतं. पेज टेबलमध्ये एक बिट चुकला आणि युजरला कर्नलची मेमरी दिसू लागली, तरी रस्ट काही बोलणार नाही. नेटवर्क कार्ड डीएमएने परस्पर मेमरीत लिहितं, तेही बॉरो चेकरच्या नजरेआड.

सीमधून येणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. एकाच वस्तूला दोन ‘म्यूट’ संदर्भ एकाच वेळी असणं रस्टमध्ये अव्याख्यायित वर्तन आहे, अनसेफच्या आतसुद्धा. सीमध्ये ज्या सहजपणे दोन पॉइंटर एकाच स्ट्रक्टकडे रोखून ठेवता, तसं इथे केलंत तर चूक सीपेक्षाही कावेबाज होते. शंका असेल तिथे संदर्भ बनवूच नका, कच्चे पॉइंटरच ठेवा. कर्नलमध्ये सर्रास दिसणारी साखळीही, ज्यात पुढच्या-मागच्या घटकाचे पॉइंटर स्ट्रक्टच्या आतच असतात, रस्टमध्ये हट्टीपणा करते. तिच्याशी झगडत बसण्यापेक्षा अ‍ॅरे आणि क्रमांक वापरून काम भागतंय का ते आधी बघा.

मेमरी संपली तर काय, हेही आधी तपासा. रस्टच्या नेहमीच्या बॉक्स आणि व्हेकला मेमरी मिळाली नाही तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. कर्नलला ते परवडत नाही. म्हणून लिनक्समधल्या रस्टने मेमरी मागताना अपयश परत देणारी स्वतःची व्यवस्था उभी केली. छंदाचा कर्नल असेल तर सुरुवातीला कोसळू द्या, पण निर्णय माहीत असून घ्या.

स्थिर आवृत्ती पुरते का, असं विचारतात. इनलाइन असेम्ब्ली फेब्रुवारी २०२२ मधल्या १.५९ पासून स्थिर आहे, त्यामुळे बरंचसं काम भागतं. एक्स८६ चा इंटरप्ट हँडलर थेट रस्टमध्ये लिहिण्याची सोय मात्र हे लिहितेवेळी नाइटली या प्रायोगिक आवृत्तीतच आहे. मी तो तुकडा असेम्ब्लीत लिहून स्थिर आवृत्तीवरच राहते. तीसएक ओळींसाठी कंपायलर दर आठवड्याला हलवत ठेवण्याची मला हौस नाही.

झिग, सी प्लस प्लस आणि बाकीच्या

झिग मला मनापासून आवडते, आणि मी ती अजून कामाच्या कर्नलसाठी कोणाला सुचवत नाही. आवडण्याची कारणं: लपूनछपून मेमरी घेतली जात नाही, ज्याला मेमरी हवी त्या फंक्शनला अ‍ॅलोकेटर हातात द्यावा लागतो, मेमरी न मिळणं ही इतर चुकांसारखीच एक चूक, ती वर परत येते. दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल करायला वेगळी टूलचेन लागत नाही, सी कोडही तोच कंपायलर बांधून देतो. न सुचवण्याचं कारण एवढंच की १.० अजून यायचं आहे आणि आवृत्ती बदलली की कोड मोडतो. एकट्याने, शिकण्यासाठी, एक आवृत्ती गोठवून लिहिणार असाल तर खुशाल घ्या.

सी प्लस प्लसमध्ये मोठी कामं झाली आहेत. गूगलच्या फुशिया सिस्टिमचा झिर्कॉन कर्नल, हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि २०१८ मध्ये सुरू झालेली तशीच सेरेनिटी ही तीन नावं पुरेत. पण कोणीच अख्खी भाषा वापरत नाही. अ‍ॅपलच्या आयओकिट या ड्रायव्हर लिहायच्या चौकटीने तर एक्सेप्शन, टेम्प्लेट आणि एकाहून अधिक पालक-क्लास सगळंच वर्ज्य केलं होतं. एक्सेप्शनला स्टॅक उलगडणारं यंत्र लागतं, ते तुमच्याकडे नाही. ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर कोणीतरी बोलवावे लागतात, नाहीतर ऑब्जेक्ट दिसतो पण रिकामा असतो, आणि हे काम लिंकर स्क्रिप्ट (कोड मेमरीत कुठे बसेल ते सांगणारी फाइल) आणि सुरुवातीच्या कोडमध्ये तुम्हालाच करावं लागतं. तुमच्या बोटांत सी प्लस प्लस आधीच मुरलेली असेल तर तिचा डिस्ट्रक्टर लॉक सोडायला उत्तम. कर्नलसाठी म्हणून ती नव्याने शिकायला घेऊ नका.

गार्बेज कलेक्शनवाल्या, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप सोडणाऱ्या, भाषांना लोक हसतात. एमआयटीमध्ये बिस्किट नावाचा कर्नल गोमध्ये लिहिला गेला, २०१८ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. सारख्याच कामाच्या तुकड्यांमध्ये गोचा कोड सीपेक्षा ५ ते १५ टक्के हळू निघाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने सी शार्पवर आधारलेल्या भाषेत सिंग्युलॅरिटी लिहिली होती, आणि विर्थ यांची ओबेरॉन भाषा तर त्यांनी गुटक्नेख्त यांच्यासोबत लिहिलेल्या तिच्याच नावाच्या सिस्टिमसोबत वाढली. म्हणजे जमतं. मात्र भाषेचा रनटाइम (तिच्यासोबत चालणारा आधाराचा कोड) आधी उघड्या मशीनवर आणावा लागतो, आणि तुमचा पहिला प्रकल्प कर्नलऐवजी ‘गोचा रनटाइम बूट करणं’ होऊन बसतो. तुम्हाला त्यातच रस असेल तर उत्तम विषय आहे. एडा आणि तिचा स्पार्क हा उपसंच विमान, रेल्वे अशा क्षेत्रांसाठी खरोखर विचारात घ्या. म्युएन हा विभाजक (प्रोग्रॅमांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा) कर्नल स्पार्कमध्ये आहे. बाकीच्या क्षेत्रांत या भाषेसाठी मदत करणारी माणसं कमी सापडतील.

ठरवायचं कसं

आधी स्वतःला खरं उत्तर द्या: हे कशासाठी? ऑपरेटिंग सिस्टिम चालते कशी हे समजून घ्यायचं असेल तर सी घ्या. प्रत्येक संदर्भ, प्रत्येक मॅन्युअल त्याच भाषेत बोलतं आणि भाषांतराचा भार डोक्यावर राहत नाही. काही वर्षं सांभाळायचं, दुसऱ्यांनी वापरायचं, नेटवर्कला जोडायचं असं काही असेल तर रस्ट, जरी पहिले दोन महिने हळू गेले तरी. रस्ट अजिबात येत नसेल तर कर्नल आणि रस्ट एकत्र शिकायला घेऊ नका. आधी एखादा साधा कमांड-लाइन प्रोग्रॅम आणि एखादी साखळी स्वतः लिहून बघा.

मग चाचणी. वादात जितका वेळ जातो तेवढ्यात ती होते. दोन भाषा निवडा आणि दोन्हींत नेमकं तेच छोटं काम करा. मशीन म्हणून क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधलं रिस्क-फाइव्ह ‘व्हर्ट’ घ्या. एक्स८६ चालू होताना अजूनही १९७८ च्या ८०८६ ची १६ बिटांची सोंगं वठवतो, त्यात भाषेची परीक्षा होत नाही, तुमच्या सहनशक्तीची होते. पीसीवरच करायचं असेल तर लिमाइनसारखा तयार बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरा, स्वतःचा लिहू नका.

‘व्हर्ट’वर फर्मवेअर नको असं सांगितलं की कर्नल हेक्समधल्या ८००००००० या पत्त्यावर सुरू होतो, आणि सीरियल पोर्ट हेक्समधल्या १००००००० या पत्त्यावर असतो. तिथे एक बाइट लिहिला की टर्मिनलवर अक्षर दिसतं. तिथून पुढे: लिंकर स्क्रिप्ट, स्टॅक, अक्षर, मग आकडे छापणारं प्रिंट. मग टायमरचा इंटरप्ट. मग दोन टास्क, एक ‘क’ छापणारा आणि एक ‘ख’, आणि टायमरने त्यांच्यात अदलाबदल. पेज टेबल जमलं तर घ्या, नाही जमलं तरी अदलाबदलीपर्यंत पोचलात की भाषेचा स्वभाव कळतो.

शेवटी मुद्दाम मोडा. चुकीच्या पत्त्यावर लिहा, स्टॅक संपेपर्यंत फंक्शनला स्वतःला बोलवायला लावा, अ‍ॅरेच्या बाहेर जा. आणि बघा कोण काय सांगतं. रस्टमध्ये अ‍ॅरेच्या बाहेर गेलात की पॅनिक हँडलरमध्ये फाइल आणि ओळ क्रमांक मिळतो. सीमध्ये बहुधा काहीच होत नाही, आणि तेच जास्त वाईट. स्टॅकच्या बाबतीत उलटं आश्चर्य वाटेल: ऑप्टिमायझेशन नसलेला रस्टचा कोड स्टॅक भरपूर खातो, चार किलोबाइटचा स्टॅक प्रिंट करतानाच संपू शकतो. लिनक्स ६४ बिटांच्या एक्स८६ वर प्रत्येक टास्कला १६ किलोबाइट देतो, तेवढा द्या आणि त्याच्या टोकाशी मेमरीशी न जोडलेलं एक पान सोडा, म्हणजे ओलांडलं की लगेच फॉल्ट येईल. पेज टेबल नसेल तर टोकाला ओळखीचा आकडा लिहून ठेवा आणि टास्क बदलताना तो शाबूत आहे का बघा.

जीडीबी हा डीबगर पहिल्या दिवशीच जोडा. क्यूएमूला दोन छोटे पर्याय दिले की तो पहिल्या सूचनेपाशी थांबून १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट बघतो. दोन्ही भाषांमध्ये एकदा तरी बिघाडाच्या जागेपासून मागे, ज्या ओळीने घात केला तिथपर्यंत चालत जा. ज्या भाषेत हा प्रवास तुम्हाला कमी त्रासाचा वाटला, तिकडे माझं मत झुकेल, मग तुमच्या तक्त्यात तिला किती गुण का पडलेले असेनात.

आणि दोन्ही आवडल्या तर दोन्ही ठेवा. सीचा कॉल-करार (फंक्शनला कसं बोलवायचं याचे नियम) ही सगळ्यांना कळणारी बोली आहे. एसीपीआय सीमध्ये, शेड्युलर रस्टमध्ये, प्रवेशद्वार असेम्ब्लीत असा संसार व्यवस्थित चालतो. फक्त सीमेवर स्ट्रक्टची मांडणी सीची ठेवा, पॅनिक किंवा एक्सेप्शन सीमेपलीकडे उडू देऊ नका, आणि कुठल्या बाजूने घेतलेली मेमरी कुठल्या बाजूने सोडायची हे प्रत्येक फंक्शनच्या वर एका ओळीत लिहून ठेवा.